खाडीपलीकडची कासवीण

कोल्हापूरहून सकाळच्या एस.टी.त बसले तेव्हा माझ्या मनात राग नव्हता, हे आधीच सांगते. उलट मी फार आनंदात होते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचं म्हणजे पुस्तकं वाचणं हा माझा धंदाच. पण त्या वर्षी हाती आलेल्या एका अद्भुत कादंबरीने मला पुन्हा दहा वर्षांची करून टाकलं होतं. त्यातली सगळी गोष्ट एक म्हातारं कासव सांगतं. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या गलबतांचं राज्य आहे, तिथले तांडेल अजून मालाची ने-आण करतात, आणि त्यांचे निरोप वरच्या जगात पोचवायचं काम या कासवाकडे आहे. ते सावकाश बोलतं, मध्येच विसरतं, माणसांवर वैतागतं. "तुम्ही चालता फार आणि पोचत कुठेच नाही," असं पहिल्याच पानावर सुनावतं.

पुस्तक चार वेळा वाचून झाल्यावर मी लेखकाला पत्र टाकलं. मालवणजवळच्या एका गावातून उत्तर आलं: 'अवश्य यावे. आपल्यासारख्या शिक्षिकेची गाठ पडणे अगत्याचे आहे.' दिवाळीची सुट्टी लागताच मी निघाले.

घाट उतरेपर्यंत अंग खिळखिळं झालं होतं. तळेऱ्याला चाक बसलं आणि दोन तास गेले. कसालला एका हॉटेलात आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. इतकी चांगली उसळ मी आजवर खाल्ली नव्हती. मालवणात ओळखीच्या एका कुटुंबात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तरीवर जाऊन होडीत बसले.

होडीत माझ्याशेजारी एक मासळी विकणारी बाई रिकामी टोपली घेऊन बसली होती. माझ्या मांडीवरच्या पुस्तकाचं चित्र तिने वाकून पाहिलं.

"ह्यां कासव कित्याक गो बाय?"

"ते गोष्ट सांगतं," मी म्हटलं.

"वाच बघूया."

मी माझा सर्वात आवडता भाग काढला. "'मी वाळूवर चढलो. खड्डा खणला, अंडी पुरली, आणि डोळ्यांतून पाणी गाळत पुन्हा पाण्याकडे वळलो...'"

बाई हसायलाच लागली. "दादलो (नर) कासव वेळेर (किनाऱ्यावर) खंय येता? अंडी घालूक मादी येता. दादलो एकदा दर्यात गेलो काय गेलो."

मी ओशाळले. अद्भुत कादंबरी म्हटल्यावर नराने अंडी पुरली तर बिघडलं काय, असं मी चारही वेळा धरून चालले होते. मराठी शिकवणाऱ्या बाईला 'चढलो' खटकू नये, याची मला अजून लाज वाटते.

लेखकाचं घर माडांच्या बागेत होतं. दत्तारामपंत मुंबईच्या कचेरीतून निवृत्त होऊन गावी आलेले. पडवीत खुर्ची मांडून माझी वाटच पाहत होते. शहाळं आलं, विचारपूस झाली, आणि पाच मिनिटांत ते मुद्द्यावर आले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती, शाळांच्या वाचनालयांत ते लावायचं घाटत होतं. त्यासाठी एका शिक्षिकेचा अभिप्राय हवा होता. मजकूर त्यांनी लिहूनच ठेवला होता. मी फक्त सही करायची.

"सही करते," मी म्हटलं, "पण एक विचारायचं आहे. वाळूवर चढल्यावर कासव का रडतं?"

"करुणरसासाठी," ते म्हणाले.

"आणि नर असून अंडी कशी पुरतं?"

ते थोडे चिडले. "एवढी साहसं मादीच्या तोंडी शोभत नाहीत. वाचक मानत नाहीत. म्हणून मी ते बदललं."

"बदललं म्हणजे? आधी काय होतं?"

उत्तर आलं ते माजघराच्या दारातून.

"आदी कासवीण होती."

दारात पन्नाशीची एक बाई उभी होती, हात पिठाचे. ती पंतांच्या थोरल्या भावाची विधवा, यशोदाबाई. पंत घाईघाईने म्हणाले, "वयनी, तुमी भितर जावा." ती हलली नाही. मलाच म्हणाली, "तीन वह्यो लिवल्लंय मी. भावजींनी छापूक म्हणान मुंबैक नेल्यानी. पुस्तक इलां (आलं) ता ह्येंच्या नावान. मी म्हटलंय, नाव घेतल्यानी तर घेवंदेत. पण माज्या कासविणीक दादलो कित्याक केल्यानी?"

"घरातलीच गोष्ट आहे," पंत मला म्हणाले. "नाव घराण्याचंच झालं. बाईच्या नावावर छापायला कोण तयार होतं?"

"कोणाला विचारलंत?"

त्यांनी एकाही प्रकाशकाचं नाव सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं. मी अभिप्रायाचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं, "यांचं नाव घाला, कासवीण परत आणा, मग मी अशा दहा कागदांवर सह्या करीन."

"तुम्ही पाहुण्या आहात, हे विसरू नका," ते म्हणाले. मी उठले.

यशोदाबाईंनी माझा दंड धरला. "जेवल्याशिवाय जाव नको."

पंत बाहेर निघून गेले, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं (दाट तिखट कालवण) आणि सोलकढी. मी विचारलं, कासवीण का रडते? बाईंनी जेवता जेवता तो भाग मला सांगितला, जसा त्यांनी लिहिला होता तसा. कासवीण वर चढते तेव्हा तिला ठाऊक असतं की पिल्लं बाहेर येतील तेव्हा आपण तिथे नसू. त्यांना समुद्र कुठे आहे ते कोणी सांगणार नाही. म्हणून ती वाळूलाच निरोप सांगून जाते. बुडालेल्या तांडेलांचे निरोप जन्मभर पोचवणाऱ्या कासविणीचा स्वतःचा तेवढा एकच निरोप. छापील पुस्तकात हे पान नव्हतंच. त्याच्या जागी 'डोळ्यांतून पाणी गाळत' एवढे तीन शब्द होते.

"वह्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"छापखान्यात रवल्यो (राहिल्या) म्हणतत."

"परत लिहाल?"

यशोदाबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "कोणाक देव?"

"मला द्या."

परतीच्या होडीत मला काहीच दिसलं नाही, ना माड, ना पाणी. घाट चढताना शेजारच्या प्रवाशाने काहीतरी विचारलं, त्याच्यावर मी उगाच खेकसले. कोल्हापुरात येऊन प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: 'लेखकाच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही.' दुसरी आवृत्ती निघाली. अभिप्राय दुसऱ्या कोणाकडून मिळाला असावा. आत पंतांचा फोटोही आला आहे.

वर्षभराने टपालाने एक वही आली. यशोदाबाईंचं ठसठशीत अक्षर, पहिल्या पानावर त्यांचं पूर्ण नाव, आणि खाली एकदम सुरुवात: 'मी कासवीण. माझं ऐकायचं असेल तर बसा.' मी उभ्या उभ्याच वाचायला लागले आणि संध्याकाळ झाली तरी खाली बसले नव्हते. पहिल्या पुस्तकाने मला जो आनंद दिला होता, त्याला कुठेतरी खडा लागत होता. इथे एकही नव्हता.

ती वही घेऊन मी आतापर्यंत तीन प्रकाशकांकडे गेले. परवाच्या गृहस्थांनी ती मन लावून वाचली, पुष्कळ वाखाणली, चहा मागवला. मग म्हणाले, "सगळं उत्तम आहे. फक्त निवेदक पुरुष करता येईल का?"

मी वही पिशवीत घातली. चहा यायच्या आत जिना उतरून रस्त्यावर आले. चौथ्या प्रकाशकाचा पत्ता विचारून घेतला आहे.