बाटलीपलीकडचं गाव

आमच्या पाटबंधारे ऑफिसातले इंजिनिअर सर बाटली उन्हात धरायचे आणि एक डोळा मिटून तिच्यातून पलीकडे बघायचे. तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी ते दर आठवड्याला त्या काचेच्या बाटलीत भरत. पाण्यातून खालच्या गावाची कौलं स्वच्छ दिसली, की पुढे निघत. मातीची पाळ थोडी झिरपतेच. पण झिरप गढूळ झाली, म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघालं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला लोक हसतात आणि ज्याच्या भरवशावर झोपतात. सालेकशाकडचे गुराखी विचारत, "साहेब, मोहाची होय काय?"

सर बाटली पुढे करत. "घे, चाखून पाह्य."

ते ख्रिस्ती होते. रविवारी आमगावला प्रार्थना, तिथून थेट पाळीवर. इंजिनिअर असून सृष्टी सहा दिवसांत झाली हे मानता का, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "दिवस केवढा होता, मले ठाऊक नाही. पण देव आधी काम पाहे, मंग चांगलं म्हणे. न पाहता त्यानंही शेरा देला नाही."

मी दिला होता. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात ऑफिसात बसूनच तपासणीच्या वहीत 'चांगले' लिहिलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सही करण्याचंच अप्रूप होतं. सर रागावले नाहीत. गाडीवर मागे बसवून त्यांनी मला भर पावसात पाळीवर नेलं आणि कौलांकडे बोट केलं.

"गाव कोणाचं?"

"माझंच, सर."

"मंग आधी पाह्य."

निवृत्तीआधी त्यांनी पाळीच्या दुरुस्तीसाठी वर तीनदा लिहिलं. दर वेळी एकच उत्तर आलं, निरीक्षण चालू ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात सर वारले. त्यांच्या मुलीनं बाटली माझ्या हातात दिली, फडक्यात गुंडाळून.

त्या वर्षी पाऊस आठ दिवस थांबला नाही. नवव्या सकाळी ऊन पडलं तसा मी पाळीवर गेलो. बाटली भरली, उन्हात धरली, एक डोळा मिटला.

कौलं दिसली नाहीत.

वही ओली होती, तरी 'चांगले नाही' एवढं लिहिलं. ऑफिसातल्या नव्या साहेबांना कळवलं आणि आईला फोन लावला.

"काऊन गा, एवढ्या सकाळी?" ती म्हणाली. "भात मांडून राहिली मी."

"चूल विझव, माय. साऱ्यायले हाक मार अन् निंघा."