खलास म्हणायचं काम

आमच्या खालच्या मजल्यावर एक गोरा राहायचा. मूळचा उत्तर इंग्लंडचा, इथे बहारीनला मनामातल्या एका इंग्लिश शाळेत पीटी शिकवायचा. त्याआधी तिकडे तो पगारावर रग्बी लीग खेळायचा. तिशीला टेकला तरी त्याला अजून खेळायचंच होतं, आणि तेही भलताच खेळ: अमेरिकन फुटबॉल. अमेरिकेतल्या एका संघाने दुसऱ्या खेळांतल्या लोकांना चाचणीसाठी बोलावलं होतं, त्यात ह्याचं नाव लागलं होतं. तिथे निवड झाली तर पुन्हा खेळाडू, नाहीतर जन्मभर पोरांच्या रांगा लावत बसायचं. हे सगळं त्याने मला जिन्यात सांगितलं, मी काही विचारलं नसताना.

माझी बायको बॅचलर लोकांना डबे द्यायची. ह्याला वजन वाढवायचं होतं म्हणून ह्यानेही डबा लावला, नंतर एकाचे दोन केले. कुळथाचं पिठलं तो चमच्याने सूपसारखं प्यायचा. "माणूस आहे की मोरी? ओतलं की गेलं," असं बायको म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी जास्त ओतायची.

डबा परत द्यायला आला तेव्हा एकदा त्याने विचारलं, बिल्डिंगमध्ये मला धरून पाडू शकेल असं कुणी आहे का? एकट्याने धावून सराव होत नव्हता. झालं, बिल्डिंगमधली सगळी मंडळी एकदम कामात बुडाली. मी हो म्हटलं. मी संगमेश्वरकडचा, लग्न होईपर्यंत गावच्या संघात कबड्डी खेळलो, कायम कोपऱ्यात. इथे अस्करच्या ॲल्युमिनियम प्लांटमध्ये स्टोअर सांभाळता सांभाळता पोट सुटलंय, पण घोटा धरायला पोट आड येत नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही सखीरच्या बाजूला एका मोकळ्या रेताड जागेवर जायचो. त्याने चेंडू काखेत मारून धावायचं आणि मी धरायचं. पहिल्याच खेपेला मी घोटा पकडला आणि तो आडवा झाला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. तो उठला, चेंडू जमिनीवर ठेवला, टाचेने मागे सरकवला आणि वळून बघायला लागला. मागे कोण असणार? सगळं वाळवंट.

त्याच्या जुन्या खेळात पाडलेल्या माणसाने असंच करायचं असतं म्हणे. चेंडू टाचेने मागे द्यायचा, मागचा गडी तो उचलतो आणि खेळ चालू राहतो. नव्या खेळात पडलं की शिट्टी. मग सगळे थांबणार, घोळका करून पुढचं ठरवणार, मग पुन्हा उभे राहणार. "अरे, मग खेळता कधी? ही तर आमच्या प्लांटची सेफ्टी मीटिंग झाली," मी म्हटलं. तो हसला नाही. चाचणीत एकदा जरी टाच गेली, तरी ह्याच्या अंगातून जुना खेळ गेलेला नाही असं म्हणून घरी पाठवतील, अशी त्याला धास्ती होती.

म्हणून माझ्यावर आणखी एक काम आलं. तो पडला रे पडला की मी मोठ्याने "खलास" म्हणायचं, म्हणजे त्याने चेंडू सोडून गप पडून राहायचं. पहिले काही शुक्रवार मी खलास म्हणायच्या आत ह्याची टाच हललेली असायची. मग स्वतःवरच चिडायचा, रेतीत बुक्क्या मारायचा. मीही चिडायचो, कारण सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर माझंही अंग सोलवटून निघत होतं.

पुढे एक दिवस मी काही न म्हणता तो नुसता पडून राहिला. टाच जागच्या जागी. मी त्याची पाठ थोपटली. गाडीत बसल्यावर मात्र मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मुरलेली गोष्ट मी ओरडून ओरडून त्याच्यातून काढली होती, आणि गोष्ट काही वाईट नव्हती. त्याला बोललो नाही. तो खुशीत होता.

तो गेला आणि त्याची निवड झाली. बायकोने सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. निवड झाली ती सरावाच्या तुकडीत, हे आम्हाला हळूहळू कळलं. आठवडाभर संघाबरोबर घाम गाळायचा, समोरच्यांची नक्कल करून आपल्याच लोकांकडून मार खायचा, आणि मॅचच्या दिवशी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं. वरच्यांपैकी कुणाला दुखापत झाली किंवा कुणी नको झालं, तर ह्याला संधी. ड्युटीवरून आल्यावर मी मोबाईलवर मॅच बघायचो. एकदा कॅमेरा त्याच्यावरून गेला. जाकिटाच्या खिशात हात घालून उभा होता. बायकोला दाखवेपर्यंत निघून गेला.

फोन मात्र नेमाने करायचा. जेवण चांगलं आहे, खोली मोठी आहे, माणसं छान आहेत. खेळायला मिळालं का? पुढच्या आठवड्यात, इंशाल्ला. एवढा एक शब्द तो इथून घेऊन गेला होता.

असं करता करता हंगाम संपला. तो एकदाही मैदानात उतरला नाही. त्यानंतरचा त्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच स्पीकर लावून उभा होतो आणि बायको चपात्या लाटत होती. पुन्हा तेच, जेवण, खोली, माणसं. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाला. डब्याची आठवण येते, म्हणाला. मी फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

"मजेत आहे म्हणतो."

"मजेत नाहीये तो."

"तुला काय कळलं? सगळं इंग्लिशमध्ये बोलत होता."

तिने तव्यावरची चपाती उलटली.

"तुम्ही गावाला आईंशी फोनवर बोलता ना," ती म्हणाली, "तोच आवाज होता."