आईनं पास केलेला मोगरा

"वात कुठाय?"

प्रदर्शनात तेजस्वीच्या टेबलासमोर येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो. वडी हातात घेतो, उलटी करतो, सुलटी करतो, नखानं टोकरतो आणि विचारतो. तेजस्वी सांगते की ही मेणबत्ती नव्हे, हिला वात नसतेच. मातीच्या वाटीत वडी ठेवायची, वाटीखाली पणती लावायची, मेण वितळतं आणि घरभर वास सुटतो. माणूस सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "ते झालं, पण वात कुठाय?" कानडी बायका "इदु एनु री?", म्हणजे 'हे काय हो', म्हणत थांबतात. तेजस्वीचं कानडी फर्डं आहे, ती त्यांनाही सगळं समजावते, आणि त्याही शेवटी साबण समजून वडी खाली ठेवतात.

हे सगळं शेजारी बसून मला ऐकावं लागतं. मी लतिका, टिळकवाडीतली निवृत्त मास्तरीण. आवाज मोठा, सहनशक्ती कमी. जुन्या साड्यांच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवते आणि बेळगावात जिथं म्हणून महिलांचं प्रदर्शन भरेल तिथं टेबल मांडते. पिशवीला 'हे काय' असं कुणी विचारत नाही, एवढंच माझं सुख. आयोजक आमची टेबलं नेहमी शेजारीशेजारी लावतात, बहुतेक दोघींची कटकट एका कोपऱ्यात राहावी म्हणून.

तेजस्वी मूळची निपाणीची, उचगावात दिलेली. नवरा युवराज उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. तो दिवसभर लोखंड ओततो आणि ती घरी मेण ओतते, त्यामुळे त्या घरात जेवताना गप्पा साच्याच्या. मेण फार गरम असताना तेल घातलं की वास उडून जातो, फार निवल्यावर घातलं की मिसळत नाही, हे तिनं आपलं आपण चुकतमाकत शिकलं. सगळा खटाटोप घराच्या मागच्या सोप्यात, म्हणजे पडवीत. तो सोपा तिच्या सासूला, रुक्माबाईंना, बटाट्याचं बी ठेवायला हवा होता. "वास इकून कुणाचं पोट भरलंय?" असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणत. हिनंही एकदा चिडून कबूल केलं होतं की दिवाळीच्या आधीच्या प्रदर्शनात माल खपला नाही तर सोपा रिकामा करून देते.

ही वासाची हौस आली कुठून, ते मला तिनं एका मरगळलेल्या दुपारी सांगितलं. तिची आई जयाबाई. उभा जन्म तंबाखूत गेलेला. आधी वखारीत, मग घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणं. घरातल्या चादरीला तंबाखूचा वास, पिठाच्या डब्याला वास, शाळेच्या गणवेशाला वास. वर्गात पोरी नाक दाबून म्हणायच्या, "आली तंबाखू." बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना. आईला ते कळलं तेव्हापासून ती रोज सकाळी लेकीच्या वेणीला हात लावायच्या आधी राखेनं हात घासायची, वर लिंबाची साल चोळायची. तरी वास जायचा नाही.

"तवाच ठरिवलं आक्का," तेजस्वी म्हणाली, "एक दिवस आईच्या घरात निस्ता मोगरा दरवळाय पायजे."

हेतू सोन्यासारखा. माल मात्र, खरं सांगते, डोकं उठवणारा. तिच्या मोगऱ्याजवळ पाच मिनिटं बसलं की वाटायचं, केसांच्या तेलाची बाटली नाकात उपडी झाली. तेल इतकं जास्त की दुपारच्या उन्हात वड्यांना घाम फुटायचा, खालचा कागद चिकट व्हायचा. केवड्याचं उलटं. तो वितळून पाण्यासारखा झाला तरी वासाचा पत्ता नाही. गिऱ्हाईक एकदा नेई, पुन्हा फिरकत नसे. मी स्पष्ट सांगितलं, तेल मोजून घाल, दोन-चार जणींना हुंगायला दे, मग वीक. तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी तिच्या देवालाच हात घातला.

"आईनं पास केलाय त्यो."

हा तिचा नियम. कुठलाही नवा वास केला की पहिली वडी पदराखाली झाकून निपाणीला न्यायची. जयाबाई डोळे मिटून, वडी नाकाशी धरून लांब श्वास घेत आणि म्हणत, "लई झ्याक." तसं म्हणाल्या की पास. मगच तो वास टेबलावर. "माझ्या आईचं नाक म्हंजे काय समजलाईसा," तेजस्वी मला ऐकवायची. "वखारीत पोतं उघडायच्या आदी सांगायची, आत वाळल्यालं हाय का वलं." मी आपली पिशव्यांच्या घड्या घालायची. पण आतून चिडचिड व्हायची. पोरगी राबते किती, आणि परीक्षक एकच, तीही आई. कुठली आई लेकीला नापास करते?

त्यात संक्रांतीचा घोटाळा झाला. युवराजनं हौसेनं साचा करून दिला होता, शंकरपाळ्याच्या आकाराचा. शहापुरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी त्याच वड्या घेतल्या. आता संक्रांतीचं हळदीकुंकू, हातावर तिळगूळ पडतोय, त्याच हातावर तशीच चौकोनी पिवळट वडी पडली तर बायका काय करणार? एका आजींनी "गोड बोला" म्हणत तोंडात टाकली. कवळीनं बराच वेळ चघळली आणि म्हणाल्या, "पाक बिघडलाय गं." दुसऱ्या दिवशी फोनवर बोलणी मात्र तेजस्वीनं खाल्ली. मी हसले म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

एकदा तिनं असंच रागारागानं सांगितलं होतं. जयाबाई उचगावला राहायला आलेल्या, चुलीजवळ बसून तांदूळ निवडत होत्या. मागं दूध उतू जाऊन करपलं, शेजारीण धावत आली, आणि ह्या जागच्या हलल्या नाहीत. "आईचं ध्यानच ऱ्हात न्हाय अलीकडं," तेजस्वी म्हणाली. मीही म्हटलं, वय झालं. विषय तिथंच संपला.

मग ती बाटली आली. बेंगळूरच्या तेलवाल्यानं मोगरा पाठवला नाही, संपला म्हणाला, आणि मन राखायला नमुना म्हणून एक लहान बाटली फुकट घातली. वर इंग्रजीत लिहिलेलं, टोबॅको. तेजस्वीनं ती बाटली उघडलीसुद्धा नाही. सोप्यातल्या कोनाड्यात आदळून ठेवली. पण गणपतीच्या आधीचं प्रदर्शन तोंडावर आलं, सासू सोप्याच्या दारात पोती आणून ठेवायला लागली, आणि हिच्याकडे मेण होतं पण तेल नव्हतं. अडला हरी! जेवढं बाटलीत होतं तेवढं ओतलं आणि एक ताट वड्या पाडल्या. आईला दाखवायला नेल्या नाहीत. त्या कशा नेणार?

ते ताट पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत रिकामं झालं.

मी स्वतः हुंगून बघितलं होतं. मंद, थोडा मधासारखा, जुन्या लाकडी कपाटासारखा वास. तेलच थोडं होतं, म्हणून पहिल्यांदा प्रमाण बरोबर पडलं होतं! कॅम्पातली एक मुलगी म्हणाली, "काय रिच वास आहे, मी वाचत बसताना लावणार." एक कॉफीचं दुकान चालवणारा तरुण सगळ्या टेबलांसाठी हवं म्हणाला. वात कुठाय, असं एकानंही विचारलं नाही. मी खूश. तेजस्वीचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

"आक्का, ज्या वासापायी मला बाकावर कोण बसू देत न्हवतं, त्यो ह्यास्नी दिवाणखान्यात पायजे," ती म्हणाली. "आन माझा मागला मोगरा तसाच पडलाय. डोकं फुटायची येळ आली बगा."

"मग सोपा देऊन टाक सासूला," मी म्हटलं. मला राग आला होता. लक्ष्मी आली आणि ही तोंड फिरवून बसलेली. पण तिनं पुन्हा ते तेल मागवलं. आईला मात्र कळू द्यायचं नाही, असं मला बजावलं. आईनं जन्मभर हात घासून घासून जो वास लेकीपासून लांब ठेवला, तोच लेक डबीत भरून विकते, हे तिला कळलं तर? ह्या एका भीतीपायी तिची झोप उडाली होती.

आणि दिवाळीच्या आधीच्या त्या प्रदर्शनाला जयाबाई न सांगता आल्या. निपाणीच्या बसनं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. "लेकीचं दुकान बगाय आलतो," म्हणाल्या. तेजस्वीचा चेहरा पांढराफटक. तिनं तंबाखूचं ताट टेबलाखाली सरकवलं, मी त्यावर माझ्या पिशव्या टाकल्या. वर मोगरा मांडला. जयाबाई खुर्चीवर बसल्या, एकेक डबी उचलून कौतुकानं बघू लागल्या.

सगळं निभावलं असतं. पण तेवढ्यात ती कॅम्पातली मुलगी आली. मी डोळे मोठे केले, खाकरले. काही उपयोग झाला नाही. तिनं वाकून टेबलाखालचं ताट बघितलं, स्वतःच एक वडी उचलली आणि थेट म्हातारीच्या हातात दिली. "आजी, हे बघा ना, ह्याचाच वास मला सगळ्यात आवडतो!"

तेजस्वी खुर्चीचा हात धरून उभी होती.

जयाबाईंनी वडी नाकाशी नेली. डोळे मिटले. नेहमीसारखा लांब श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि चेहरा खुलला.

"मोगरा," त्या म्हणाल्या. "लई झ्याक झालाय गं ह्या बारीला."

ती मुलगी हसून काही बोलणार, तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. तेजस्वीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा त्या वडीकडे, आणि मग म्हणाली, "व्हय आई. मोगराच." मला एकदम करपलेलं दूध आठवलं, घाम फुटलेला मोगरा आठवला, वास नसलेला केवडा आठवला. सगळे पास केलेले! मला इतकं वाईट वाटलं की मी त्या मुलीला पिशवी फुकट देऊन टाकली.

थोड्या वेळानं तेजस्वी चहा आणायला गेली, तेव्हा मी जयाबाईंच्या जवळ सरकले. मला गप्प बसवत नाही, हा माझा दोष. विचारलं, "जयाबाई, तुम्हाला वास येत नाही ना?"

त्यांनी आधी लेक गेली त्या बाजूला बघितलं. "कवाचाच न्हाय बाई. वखारीच्या धुळीनं नाकच गेलं. जेवताना बी काय कळत न्हाय, निस्तं तिखट तेवढं कळतं." मग माझा हात धरला. "पर तिला नगं सांगू. लई हौशीनं आणती बगा पोरगी. मी नापास केला तर कुणाकडं जाईल?"

संध्याकाळी त्यांना बसमध्ये बसवून तेजस्वी परत आली. डोळे लाल. टेबल आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, आईला कळू द्यायचं न्हाय, तिला वास येत न्हाय ते मला समजलंय म्हून. तिला वाटंल, आपण लेकीचं नुकसान केलं."

म्हणजे दोघींनी आपापला दगड माझ्याच गळ्यात बांधला. इकडून आई, तिकडून लेक, आणि मधे मी, जिला पोटात काही ठेवायची सवय नाही! मला इतका संताप आला. त्या वखारीचा आला, त्या बाकावरच्या पोरींचा आला. तेजस्वीला मी एवढंच म्हटलं, मेणाची पिशवी नीट बांध, गळतेय.

सोपा अजून तेजस्वीकडेच आहे. तंबाखूची वडी जोरात आहे, बटाट्याचं बी रुक्माबाई माडीवर ठेवतात आणि त्यापायी रोज बोलतात. नवा वास केला की पहिली वडी अजूनही पदराखालून निपाणीला जाते. जयाबाई डोळे मिटतात, लांब श्वास घेतात, झ्याक म्हणतात. तिथून तेजस्वी बस धरून सरळ माझ्याकडे टिळकवाडीत येते आणि तीच वडी माझ्या पुढ्यात ठेवते. मी हुंगते आणि खरं ते सांगते. तेल जास्त आहे, उग्र आहे, नापास.

मग ती माझ्यावर भांडं आपटल्यासारखी चिडते. "आईनं पास केलाय त्यो," म्हणते, आणि परत जाऊन तेल कमी करते.