नणंदबाईंचा नेम

आमच्या नणंदबाईंनी जन्मात कुठलीही गोष्ट अंदाजानं केली नाही, आणि त्यांच्या कामाविषयी आम्हा वाटूरकरांना अंदाजापलीकडे कधी जाता आलं नाही. परदेशात त्या एका मोठ्या दुर्बिणीची यंत्रं बनवतात. केसाएवढे बारीक काचेचे तंतू, प्रत्येक तंतूला बोटभर यंत्र, आणि प्रत्येक यंत्रानं आपापल्या आकाशगंगेवर नेम धरून बसायचं. कशासाठी, तर डार्क एनर्जीसाठी. इथपर्यंत आम्ही माना डोलावतो, पुढं सगळा गोंधळ. गावात त्यातला एनर्जी शब्द तेवढा पोचला. त्यामुळे त्या सुटीवर आल्या की लोक शेतातल्या विजेच्या जळालेल्या डीपीची तक्रार घेऊन ओट्यावर येतात. त्याही शांतपणे ऐकून घेतात आणि डीपीचा खांब सरळ आहे का, ते विचारतात. घरात आल्या आल्या कॅलेंडरचा खिळा उपटून पुन्हा ठोकतात, डुगडुगत्या पोळपाटाखाली कागदाची घडी सारतात. एकदा मी म्हटलं, भाजीत थोडं मीठ टाका. चमचा धरून त्या उभ्याच. "थोडं म्हणजे?" मला सांगता येईना, आणि तेवढ्यात भाजी करपली.

यंदा त्या आल्या ते मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला झालं म्हणून. डोळ्यात थेंब मीच टाकणार, असं त्यांनी जाहीर केलं. पंखा बंद केला, उशी सारखी केली, आम्हाला चालायची मनाई केली, आणि श्वास रोखून पहिला थेंब मामंजींच्या मिशीवर टाकला. दुसरा कानात गेला. आकाशगंगांवर नेम धरणाऱ्या हाताला वीतभरावरचा डोळा सापडेना. मामंजी बिचारे डोळा ताणून पडलेले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. तुला लांबचं बराबर दिसतंय."

त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं असावं. पण नणंदबाई उठून गोठ्याकडे गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मागं जावं की नको, मला कळेना. परत आल्या त्या सरळ बाजेवर बसल्या, बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलता बोलता थेंब टाकला. डोळ्यातच पडला.

तसंच पडून मामंजींनी विचारलं, "तू नेमकं काय शोधून राह्यली?" नणंदबाईंनी सावकाश सांगितलं: सगळ्या आकाशगंगा एकमेकींपासून दूर चालल्यात, दिवसेंदिवस जास्तच वेगानं. त्यांना कोण ढकलतंय, ते जगात कुणालाच ठाऊक नाही.

त्या परत गेल्यावर एका सकाळी मामंजी मला म्हणाले, "ते सगळं लांब लांब चाललंय म्हणली ती. कामून चाललंय, ते कुणालाच माहीत न्हाई?"

"न्हाई म्हणतात."

त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "त्यात काय शोधायचं," ते म्हणाले, "त्यांनाबी तिकडं काम लागलं असंल."

हे नणंदबाईंना फोनवर सांगावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.