इद्रीसचाचांची रिव्हॉल्व्हरं

माणसाला कसला नाद लागेल याचा काही नेम नाही. कुणी कबुतरं पाळतो, कुणी अत्तरं जमवतो. हर्णैच्या इद्रीस शिंप्याला नाद लागला रिव्हॉल्व्हरांचा, तोही कुवेतमध्ये, फिंतासला अरबांचे डगले शिवता शिवता! स्वभाव असा की झुरळ मारायलासुद्धा बायकोला हाक मारणार. पण जुम्म्याची नमाज झाली की स्वारी निघाली जुन्या बाजारात.

तिथं तेव्हा असलं लोखंड ढिगानं यायचं. मोत्यांचा धंदा बसला होता, आणि गलबतांच्या म्हाताऱ्या नाखुद्यांनी कमरेची रिव्हॉल्व्हरं विकायला काढली होती. खाऱ्या हवेनं गंजलेली, घोडा अडकलेली. इद्रीस नेमकी तीच उचलायचा. स्वस्त म्हणून तर खरंच, पण मुख्य कारण झुलेखा. बायकोनं बजावलं होतं, "चालणारी एक जरी घरात आली, तर मी मुंबईच्या बोटीत बसले म्हणून समजा." त्यामुळे चालणारी कधी आली नाही, आणि गोळी तर इद्रीसनं डोळ्यांनी पाहिली नव्हती. शिलाई मशीनचं तेल घालून तो एकेक पुसायचा, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत निजवायचा. पोटच्या पोरांचं एवढं कुणी करत नाही हो!

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण जिभेला हाड कुठे असतं? तो राहायचा त्या अंगणाभोवती चार कोकणी बिऱ्हाडं. माणसं जमली की हा रिव्हॉल्व्हरांची पेटी उघडणार. "हिनं दर्यावरचे लुटारू पळवलेत." "ही? हिचा आवाज पलीकडच्या गावात, अबू हलीफापर्यंत जातो." गोळ्या कुठे आहेत, असं कुणी विचारलं की नुसता डोळा मिचकावायचा. आत भाकरी थापता थापता झुलेखा कपाळाला हात लावायची.

मग एकसष्टचा जून आला. इराकनं कुवेतवर हक्क सांगितला, फौजा निघाल्याच्या बातम्या आल्या आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारचा यूसुफ अहमदीला तेलाच्या कामावर होता. त्यानं बायकोचं, नूरीचं, बोटीचं तिकीट आणून ठेवलं. कडेवर तान्ही मुलगी, बोट उद्या सुटायची, आणि नूरी म्हणते, "मी नाय जात."

"का गो?" झुलेखानं विचारलं.

"इद्रीसचाचा हायत ना! एवढी हत्यारं घरात. कोण येतो बघू या अंगणात!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. इद्रीस हसला खरा. पण दुकानात त्या दिवशी डगल्याला बाही उलटी लागली. खरं सांगावं तर अब्रू जाते. आणि परदेशात त्याची दुसरी इस्टेट काय होती? मालकाला तो नुसता 'ए हिंदी', गिऱ्हाइकाला 'ए शिंपी'. या एका अंगणात तो इद्रीसचाचा होता, बहाद्दर होता. न सांगावं तर ती वेडी पोरगी त्याच्या भरवशावर राहणार. उद्या खरंच कुणी बंदूक घेऊन दारात उभं राहिलं तर?

संध्याकाळी त्यानं पेटी आणून सगळ्यांच्या मध्ये ठेवली.

"नूरी, बोटीत बस पोरी," तो म्हणाला. मग एकेक रिव्हॉल्व्हर उचलून चाप ओढून दाखवला. एकाचाही घोडा हलला नाही. "सगळी मेलेली हायत. गोळी मी जन्मात पाहिली नाय. खोटं बोललो मी."

यूसुफ असा भडकला! "चाचा, तुमच्या फुशारकीपायी माझी बायकोपोर इथं अडकली असती!" नूरी मात्र आत जाऊन ट्रंक भरू लागली. इद्रीसला तेच जास्त लागलं.

बोट गेली. इंग्रजांची पलटण उतरली, लढाई काही झाली नाही, बाजार पुन्हा गजबजला. पण अंगणानं इद्रीसला सोडलं नाही. 'फुसका बार' असं नावच पडलं त्याचं. तो बाहेर बसेना, बाजारात जाईना. शेवटी झुलेखाच म्हणाली, "जावा ना, आणा एखादी."

"गंजलेलं लोखंड पुरे झालं गो," तो म्हणाला. जन्मभर त्या लोखंडाशी भांडलेली बाई, पण तिला रडू आलं.

थंडीत नूरी परत आली. सामान तसंच टाकून, मुलीला घेऊन थेट इद्रीसच्या दारात. त्यानं मान खाली घातली. तिनं एक पुडकं त्याच्या हातात ठेवलं. आत मुंबईच्या फेरीवाल्याकडचं, पोरांचं टिकल्यांचं पिस्तूल आणि टिकल्यांची डबी.

"हे ठेवा तुमच्या पेटीत," ती म्हणाली. "हे तरी वाजतं."

इद्रीस ते पिस्तूल उलटंसुलटं करून पाहू लागला.

"चाचा, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता तर तुम्हाला कुणी काही म्हटलं नसतं. बोटीत सारखं हेच मनात येत होतं माझ्या."

इद्रीसनं टिकली भरली, हात लांब केला, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. फट्! मुलगी खिदळली. काय झालं म्हणून सगळं अंगण धावत आलं. इद्रीस भोकाड पसरून रडत होता, आणि रडता रडता दुसरी टिकली भरत होता.