पेण ते रोहा: रेडकू, करडू आणि आमची सई

सईच्या शाळेत पहिलीच्या वर्गात प्राण्यांची पिल्लं शिकवली आणि आमच्या घरी तोच पाढा सुरू झाला. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. दात घासताना, चपला घालताना, कधीही. एका संध्याकाळी मी मेथी निवडत असताना तिने विचारलं, "आणि मी? मी कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"पण तुझ्या पोटातलं नाही ना."

सई अगदी तान्ही असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. ते तिच्यापासून कधी लपवलं नाही, झोपताना गोष्टीसारखं सांगत आलो. तरी त्या दिवशी ती माझ्याकडे बघत राहिली आणि पाढा थांबला. नंतरही तिने तो म्हटला नाही.

रोह्याजवळच्या एका गावात माझी कॉलेजातली मैत्रीण रंजना राहते. तिच्याकडे बकऱ्या आहेत. सईने ही सगळी पिल्लं फक्त तक्त्यावर पाहिलेली, म्हणून थंडीतला एक शनिवार-रविवार धरून आम्ही दोघी निघालो. नवऱ्याला सुट्टी नव्हती.

पनवेलहून पेणची एसटी सहज मिळते. लहान मूल बरोबर असेल तर सकाळी लवकर निघा. महामार्गावर ट्रक वाढले की गाडी रखडते. पेणला उतरून मिसळ खाल्ली, पोह्याचे पापड घेतले आणि रिक्षा करून खाडीकडच्या शेतांवर गेलो. भाडं जाऊन-येऊन आधीच ठरवून घ्यावं, परतीला तिकडे रिक्षा मिळत नाही. भात कापून झालेलं, मोकळ्या शेतात म्हशी चरत होत्या आणि त्यांच्या मागेमागे काळी, लुकलुकत्या डोळ्यांची रेडकं. एक रेडकू चुकून दुसऱ्याच म्हशीच्या कासेला गेलं. तिने हुंगलं आणि शिंगाने बाजूला सारलं.

बांधावर गवताचा भारा बांधत बसलेल्या बाईंना सईने विचारलं, "तिला कसं कळलं तिचं नाही ते?"

"वासानं कलतं गो," बाई म्हणाल्या. "तिचा तिला बरोबर वलखतं."

पेणहून नागोठण्यामार्गे रोह्याची एसटी पकडली. गडब गावाच्या पुढे सईने माझा हात स्वतःच्या नाकाशी नेला, हुंगला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. खिडकीतून वालाची हिरवी शेतं जात होती आणि मला वाटत होतं, आपण हिला इथे आणायलाच नको होतं.

रंजनाच्या अंगणात पोहोचलो तेव्हा गोठ्यातून एक बकरी सारखी ओरडत होती. तिचं नाव चांदी. आदल्या दिवशी ती व्याली होती आणि पिल्लू मेलेलंच निघालं होतं. पलीकडच्या बकरीला तिळं झालं होतं. त्यातलं तिसरं करडू, पांढऱ्या कानांचं, इतकं अशक्त की त्याला दुधाशी जागाच मिळत नव्हती.

"याला चांदीकडे लावून बघते," रंजना म्हणाली. "घेईल का नाय, सांगता नाय येत. मागच्या वर्षी एकीनं नायच घेतलं."

तिने चांदीचं थोडं दूध काढून करडाच्या अंगाला चोळलं, वर मीठ भुरभुरलं आणि त्याला पुढे ठेवलं. चांदीने मीठ चाटलं. मग तिने हुंगलं आणि अशी धडक दिली की करडू गवतात कोलमडलं.

सई रडायला लागली. "तिला नको आहे ते. ती त्याची आई नाहीच. नको ना देऊ तिला."

रंजनाने करडू उचलून सईच्या मांडीवर दिलं आणि तिच्याशेजारी बसली. "तिचं बाळ गेलंय ना, ती त्यालाच शोधते हाय. रागावलेली नाय ती. आज आपण तिला धरायचं आणि याला पाजायचं. तिचं दूध याच्या पोटात गेलं की हळूहळू याच्या अंगाला तिचाच वास येतो."

मग रंजनाने चांदीला धरलं, मी करडाचं तोंड कासेला लावलं, आणि सई चांदीच्या मानेवर हात फिरवत राहिली. चांदी पाय झाडत होती. करडू चुकत होतं, पुन्हा धरत होतं. शेवटी त्याची शेपटी थरथरायला लागली, म्हणजे दूध उतरलं. रात्री जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. रंजनाच्या हातचं बिरडं म्हणजे खरं तर या प्रवासाला वेगळं कारण लागू नये. पण सईने अर्धी भाकरीच खाल्ली आणि ती पुन्हा गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

सकाळीही धरूनच पाजलं. दुपारी निघायच्या आधी रंजनाने दावं सैल सोडलं. करडू लटपटत चांदीपाशी गेलं. तिने त्याच्या शेपटीखाली हुंगलं, बराच वेळ. मी सईचा खांदा घट्ट धरला होता. चांदीने धडक दिली नाही, चाटलंही नाही. नुसती उभी राहिली आणि त्याला पिऊ दिलं.

परतीच्या गाडीत सईने विचारलं, "माझ्या अंगाला तुझा वास येतो का?"

मी तिचे केस हुंगले. "तेलाचा येतो. माझ्या साबणाचा येतो. आणि बकरीचा तर फारच."

ती हसली, आणि माझ्या कुशीत डोकं घालून पेणपर्यंत झोपली.

लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर रिसॉर्ट शोधू नका. ओळखीचं घर शोधा, आणि एक दिवस जास्त ठेवा. आम्ही ठेवला नाही, त्यामुळे पुढचं पाहायचं राहिलं. घरी आल्यावर माझ्याजवळ फोटो फार नव्हते. चांदी पाय झाडत असताना तिच्या मानेवर फिरणारा तो छोटा हात तेवढा डोळ्यांपुढून जात नव्हता.

काही दिवसांनी रंजनाचा फोन आला. करडू चाऱ्याच्या ढिगामागे झोपून गेलं होतं, तर चांदीने ओरडून गोठा डोक्यावर घेतला आणि सापडल्यावर त्याला चाटून चाटून ओलं केलं. सईने फोन माझ्या हातातून घेतला.

"रंजनामावशी, त्याला माहितीये का, ती आधी त्याची आई नव्हती?"

"नाय गो. त्याला काय ठावं?"

"मला माझं माहितीये," सई म्हणाली. फोन माझ्याकडे दिला आणि खेळायला खाली पळाली.