टेक शिकवणारे सर

फळ्यावर 'टेक' एवढाच शब्द लिहायचा, हातरुमालानं बोटांवरचा खडू पुसायचा आणि वर्गाकडे वळून विचारायचं, "हं, आता याले कुठं कुठं लावायचं?" आमच्या शेलूबाजारच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचा तास असा सुरू होई. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत असे. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या कवितेच्या तासाला त्यांचा 'टेक' हमखास येऊन बसे.

'टेक म्हणजे घेणे' एवढ्यावर ते थांबत नसत. "वेळ लागते, तिथं टेक. फोटो काढतो, तिथंही टेक. आपण परीक्षा देतो, इंग्रज मात्र ती घेते. विमान उडालं तं टेक ऑफ, आन् घरात येताना चपला काढल्या तरी टेक ऑफ." मुलं हसत. "पोरगी बापावर गेली, तं टेक आफ्टर," असं म्हणताना मात्र त्यांचा आवाज मऊ होई. त्यांची एकुलती एक पल्लवी नाकानं आणि चालण्यानंही थेट त्यांच्यावर गेली होती.

"मॅडम, हा एक शब्द पोरायनं नीट धरला, तं अर्धी इंग्रजी हाती येते," असं ते मला नेहमी सांगत. गावात त्यांना मान होता. मंगरूळपीरच्या जीपमध्ये पुढची जागा त्यांच्यासाठी रिकामी होई. कोणाच्या औषधाच्या डबीवरचं वाचायचं असो की कोणाचा अर्ज लिहायचा असो, माणसं त्यांच्याकडे येत.

पण तुम्ही आमच्यासोबत शिक्षकांच्या खोलीत बसला असता, तर एक गोष्ट तुमच्याही ध्यानात आली असती. सर इंग्रजी बोलत नसत. एकदा दक्षिणेकडचे एक अधिकारी शाळा पाहायला आले, तेव्हा सरांचा घसा सकाळपासूनच बसला होता. अधिकारी गेले आणि घसा मोकळा झाला. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "लिहायले वेळ मिळते, मॅडम. बोलायले नाही मिळत. माह्या सरायनंही मले इंग्रजी मराठीतूनच शिकवली. बोलावं तरी कोणाशी?" मग हळूच म्हणाले, "कोणाजवळ बोलू नका."

पल्लवी पुण्यात नोकरीला लागली आणि तिनं तिथलाच सोबतचा एक मुलगा पसंत केला. मुलगा कोइमतूरचा. त्याला मोडकंतोडकं हिंदी येई, पण त्याच्या आईवडिलांना तमिळ आणि इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. ते घर पाहायला येणार म्हटल्यावर गल्ली निर्धास्त होती. "आपले सर हायेत ना," जो तो म्हणे. सरांचं जेवण मात्र कमी झालं. दाढी करताना ते आरशाशी पुटपुटत असतात, असं त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, मला सांगितलं.

पाहुणे आले त्या दिवशी वहिनींच्या मदतीला मी गेले होते. बैठकीच्या दारात माणसं दाटली होती. त्यांत सरांचे जुने विद्यार्थी बरेच. सर नवा शर्ट घालून उभे होते. "टेक सीट," ते म्हणाले. पाहुणे बसले. "टेक वॉटर." पाहुण्यांनी पाणी घेतलं. "टेक टी." चहाही झाला. मग मुलाच्या वडिलांनी हसून, झरझर इंग्रजीत काहीतरी विचारलं. साधंच होतं, यंदा पाऊस कसा झाला, असं. सर म्हणाले, "येस." पाहुण्यांनी दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. सर म्हणाले, "येस सर." दारात कोणीतरी फिसकन हसलं.

पल्लवी पुढं झाली. "बाबा, राहू द्या. मी बोलते."

ती प्रेमानंच म्हणाली. पण सर जे खाली बसले, ते पाहुणे उठेपर्यंत बसूनच राहिले. माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या आणि मला मान वर करवत नव्हती.

पाहुणे निघाले तेव्हा गाडीच्या दाराशी सरांनी मुलाच्या वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या मुलीची काळजी घ्या, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओठ हलत राहिले आणि शेवटी शब्द आले, "टेक माय डॉटर." आता मात्र पोरं उघड हसली. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी मान लववून सावकाश काहीतरी म्हटलं. ते सरांना कळलं की नाही, कोण जाणे.

सरांनी शाळेत रजा टाकली. मी घरी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "पल्लवीचं काही चुकलं नाही, मॅडम," ते न वळताच म्हणाले. "तिले माही लाज वाटली, आन् मले तिच्या लाजेची वाटली."

रजा संपवून ते आले तो तास मी भिंतीपलीकडून ऐकला. खडूचा आवाज आला नाही. "पोरं हो, मले इंग्रजी बोलता येत नाही. मंग तुमाले कुठून येईन? आजपासून सोबत शिकू. चुकलं तं चुकलं." त्यानंतर रोज त्या खोलीतून मोडकी वाक्यं येत, मुलांचीही आणि त्यांचीही. एका पालकानं तक्रार केली, की सरांनाच येत नाही तर पगार कशाचा. मुख्याध्यापकांनी ती सरांना वाचून दाखवली. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच केलं. निवृत्त होईपर्यंत करत राहिले. वर्गाबाहेर मात्र चकार शब्द नाही. कोइमतूरच्या लग्नात ते एका कोपऱ्यात हात जोडून बसून होते, असं पल्लवीच सांगते.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच गेले. तेराव्याला पल्लवीसोबत तिचे सासरे आले. पांढरी लुंगी, कपाळाला भस्म. ते अंगणात वहिनींसमोर सतरंजीवर बसले. मग ते इंग्रजीत बोलू लागले. पल्लवी थांबून थांबून आईला सांगू लागली.

"आई, ते म्हणतात, बाबा दर रविवारी त्यांना फोन करायचे. लग्नापासून. इंग्रजीत बोलायचे."



"काय बोलत?" मीच विचारलं.

पल्लवीनं सासऱ्यांना विचारलं. "सोयाबीनचं. गुडघ्यांचं. माझं. पण दर वेळी आधी माफी मागायचे, माझं इंग्रजी चांगलं नाही म्हणून. मामंजी म्हणायचे, मागू नका, मला सगळं समजतं. तरी शेवटच्या फोनलाही मागितली."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "दार लावून बोलत. मी इचारलं तं म्हनत, बँकेचा फोन हाय."